भागीदार म्हणता, मग वाटा कुठे आहे?

मागच्या महिन्यात एका रविवारी सकाळीच एक वयोवृद्ध शाहीर आपल्या पुतण्याला घेऊन आमच्याकडे आले. जयभीम झाला, चहा झाला. मग शाहिरांनी कापडी पिशवीतून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून जपलेला कागदांचा गठ्ठा बाहेर काढला. अकरा पाने, सगळी इंग्रजीत. वर एका विद्यापीठाचे बोधचिन्ह, शेजारी एका मोठ्या कंपनीचे. "वकीलसाहेब," शाहीर म्हणाले, "आमच्या बापानं विद्यापीठाचं फाटक बी पाहिलं नव्हतं. आता विद्यापीठ आपल्या वस्तीत आलंय. सही कुठं करायची तेवढं दाखवा."

सही कुठे करायची हे दाखवायची गरजच नव्हती. शेवटच्या पानावर कोणीतरी पेन्सिलीने फुली मारून ठेवली होती. आम्ही म्हटले, "बाबा, दोन दिवस कागद आमच्याकडे राहू द्या." शाहिरांचा चेहरा उतरला. चांगल्या कामात वकील आडवा येतो असे त्यांना वाटले असावे, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

कोणते विद्यापीठ आणि कोणती कंपनी, हे आम्ही येथे लिहीत नाही. करार अजून झालेला नाही हे एक कारण. दुसरे असे की, हे दुखणे एकट्या त्या विद्यापीठाचे नाही. समाज, उद्योग आणि विद्यापीठ यांनी मिळून कलेचे प्रकल्प करावेत, त्याला विद्यापीठाने पैसा द्यावा, कंपनीने हातभार लावावा, ही टूम आता सगळीकडे आली आहे. ब्रिटनमध्ये २०१४ पासून विद्यापीठांचे मूल्यमापन करताना त्यांच्या संशोधनाचा समाजावर काय परिणाम झाला यालाही गुण दिले जातात. आपल्याकडे नॅकच्या मूल्यांकनात विस्तारकार्याला आणि चालू सामंजस्य करारांना गुण मिळत आले. म्हणजे वस्तीत येण्याची गरज जितकी वस्तीला आहे, तितकीच विद्यापीठालाही आहे. ही गोष्ट वाचकांनी पक्की लक्षात ठेवावी. आपण उपकार घ्यायला बसलेलो नाही!

आता करारात काय होते ते सांगतो. प्रकल्प चांगला आहे, हे आधीच कबूल करतो. शाहिरांच्या कलापथकाची जलशाची गाणी, फार्स, सवाल-जवाब ध्वनिमुद्रित करायचे. नाट्यशास्त्र विभागाच्या विद्यार्थ्यांनी त्यांच्याकडून शिकून एक नवे नाटक बसवायचे. एक माहितीपट आणि शेवटी शहरात तीन दिवसांचा महोत्सव. करारात तीन पक्ष. पहिला पक्ष विद्यापीठ, दुसरा पक्ष कंपनी, आणि तिसरा पक्ष आमच्या शाहिरांचे कलापथक. त्याचे नाव ठेवले आहे 'समुदाय भागीदार'. किती गोड शब्द!

पण अंदाजपत्रकाचे पान उलटले की गोडवा संपतो. कॅमेऱ्याचे भाडे, संपादन, प्रकल्प सहायक, सल्लागार, उद्घाटन सोहळा, माहितीपुस्तिका, या प्रत्येकाला स्वतंत्र रकाना. ज्यांच्या गळ्यावर हा सगळा डोलारा उभा आहे त्यांच्यासाठी एक ओळ: माणशी दीड हजार रुपये, एकदाच, प्रवासखर्चासह. आणि सन्मानचिन्ह. त्यापुढचे कलम असे की, कलापथकाची सर्व सादरीकरणे व रचना यांचे सर्व हक्क, सर्व जगात, सर्व काळासाठी, आज असलेल्या आणि पुढे शोध लागेल त्या सर्व माध्यमांत विद्यापीठाचे राहतील. कंपनीला ते विनामूल्य वापरता येतील. कलापथक कोणत्याही मानधनावर किंवा रॉयल्टीवर यापुढे दावा सांगणार नाही.

भारतीय भागीदारी कायदा १९३२ सालचा आहे. त्याचे चौथे कलम भागीदारी कशाला म्हणावे ते सांगते. धंद्याचा नफा वाटून घ्यायचे ज्यांनी आपसात ठरवले आहे, त्यांच्यातील संबंध म्हणजे भागीदारी. सामंजस्य करार म्हणजे काही भागीदारीची पेढी नव्हे, हे आम्हाला कळते. पण शब्द वापरताना त्याच्या अर्थाची थोडी तरी लाज बाळगावी की नाही? ज्याला वाटा नाही त्याला भागीदार म्हणत नाहीत. गावगाड्यात असल्या माणसासाठी वेगळे शब्द होते, आणि ते शब्द आपल्या आजोबा-पणजोबांनी ऐकून घेतले आहेत.

कंपनी थेट शाहिरांकडे का येत नाही, असे आम्हाला पुतण्याने विचारले. पोरगा हुशार आहे, पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याचे उत्तर कायद्यात आहे. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक आहे, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च केली पाहिजे. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू आहे. कशावर खर्च करायचा याची यादी सातव्या परिशिष्टात आहे, आणि तिच्या पाचव्या बाबीत कला, संस्कृती, पारंपरिक कला व हस्तकला यांचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे जलशासाठी पैसा द्यायला कायद्याची आडकाठी नाही.

आडकाठी पुढे आहे. कंपनीने हे काम दुसऱ्याकडून करून घ्यायचे तर तो दुसरा कोण असावा, हे नियमांनी ठरवले आहे. नोंदणीकृत न्यास किंवा संस्था हवी, तिच्याकडे आयकराच्या १२-अ आणि ८०-जी खालची नोंदणी हवी, सीएसआर-१ हा फॉर्म भरून क्रमांक घेतलेला हवा, आणि अशा कामाचा तीन वर्षांचा अनुभव दाखवता आला पाहिजे. आमच्या शाहिरांचे कलापथक चाळीस वर्षांचे आहे. पण त्याचा अनुभव जयंतीच्या मंडपांत आहे, लेखापरीक्षकाच्या वहीत नाही. उलट संसदेच्या किंवा विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन झालेल्या संस्थेला हे काम थेट घेता येते. राज्यातली सार्वजनिक विद्यापीठे कायद्याने स्थापन झालेली आहेत. त्यामुळे पैसा विद्यापीठाच्या खात्यात उतरतो आणि तिथून झिरपत झिरपत वस्तीपर्यंत येतो. धरणाच्या कालव्यासारखे आहे. शेवटच्या शेताला किती पाणी पोहोचते ते शेतकऱ्यांना विचारा.

याच नियमांत आणखी एक गोष्ट आहे, ती मात्र कोणी सांगत नाही. आपल्या मालाची किंवा सेवेची जाहिरात व्हावी म्हणून प्रायोजकत्वाच्या स्वरूपात केलेला खर्च सामाजिक जबाबदारीत धरता येत नाही. मग शाहिरांच्या डोक्यावर, डफावर, मागच्या पडद्यावर कंपनीचे नाव झळकणार, महोत्सवात कंपनीचे विक्रीदालन लागणार, आणि तरीही हा पैसा समाजसेवेचा, हे कसे? करारात पडद्याची लांबी-रुंदी फुटांत दिली आहे. शाहिरांचे नाव किती मोठे असेल ते दिलेले नाही.

आता हक्कांच्या कलमाकडे येऊ, कारण आमच्या मते खरी मेख तिथे आहे आणि आपल्या कलावंतांना हा कायदा ठाऊक असणे अगत्याचे आहे. स्वत्वाधिकार कायदा १९५७ सालचा. २०१२ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली. शाहिराने स्वतः रचलेल्या पदाचा पहिला मालक शाहीरच. हा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. अण्णा भाऊ साठे १९६९ साली गेले. त्यांच्या लेखनावरचा हक्क २०२९ अखेरपर्यंत आहे. वामनदादा कर्डक २००४ साली गेले. त्यांच्या गीतांवरचा हक्क २०६४ अखेरपर्यंत आहे. आपल्यापैकी कितीजणांना हे माहीत आहे?

पण ध्वनिमुद्रणाचा मालक गाणारा नसतो. ते करून घेण्याचा पुढाकार आणि जबाबदारी ज्याने घेतली तो निर्माता कायद्याने त्याचा कर्ता ठरतो. म्हणजे यंत्र ज्याचे, मुद्रण त्याचे. गाणाऱ्याला मग काहीच नाही का? आहे. कायद्याने सादरकर्त्याचा वेगळा हक्क मानला आहे, आणि सादरकर्ता कोण याच्या व्याख्येत गायक, वादक, नर्तक, नट यांच्याबरोबर डोंबारी, जादूगार आणि गारुडी यांनाही नावानिशी बसवले आहे. ज्या माणसाला विद्यापीठाचा पहारेकरी आत सोडणार नाही, त्याला कायद्याने हक्कदार केले आहे! हा हक्क सादरीकरणानंतर पन्नास वर्षे टिकतो. गाणे परंपरेने आलेले असेल, रचणाऱ्याचे नाव कोणाला ठाऊक नसेल, तरीही ते गाणाऱ्याच्या त्या गाण्यावर त्याचा हक्क राहतो. आपले नाव लावा म्हणण्याचा आणि सादरीकरणाची मोडतोड थांबवण्याचा हक्क तर, बाकीचे हक्क विकून टाकले तरी, त्याच्याजवळच राहतो.

आणखी पुढे. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी द्यावे लागतात. कोणते हक्क, किती वर्षांसाठी, कोणत्या प्रदेशासाठी, किती मोबदल्यात, हे लिहावे लागते. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच या लोकांनी 'सर्व जगात, सर्व काळासाठी' असे ठसठशीत लिहून घेतले. वकील त्यांच्याकडेही आहेत. पण २०१२ च्या दुरुस्तीने दोन ठिकाणी त्यांचे हात बांधले आहेत. करार करताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हते, ते त्यात नेमके नमूद केलेले नसेल तर करार त्याला लागू होत नाही. 'पुढे शोध लागेल ते सर्व' हे नेमके नमूद करणे होत नाही असे आमचे मत आहे. दुसरे, ध्वनिमुद्रणात वापरलेल्या गीताचा किंवा संगीताचा कर्ता आपला रॉयल्टीतला समान वाटा सोडूनच देऊ शकत नाही. वारसाला देता येतो, स्वत्वाधिकार संस्थेला देता येतो, इतर कोणालाही नाही. तसा करार केला तरी तो रद्दबातल. म्हणजे शाहिरांनी स्वतः रचलेल्या पदांपुरते 'रॉयल्टीवर दावा सांगणार नाही' हे कलम कायद्याच्या विरुद्ध आहे, आणि ते एका विद्यापीठाच्या करारात छापलेले आहे. त्या विद्यापीठात विधी विभागही आहे!

कागदावर कोणाचे नाव आहे याला किती महत्त्व असते, ते कोल्हापुरी चपलेने नुकतेच दाखवून दिले. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने हुबेहूब कोल्हापुरीसारखी पादत्राणे दाखवली, आणि सुरुवातीला कोल्हापूरचे नावही घेतले नाही. ओरड झाल्यावर प्रेरणा भारताची असल्याचे कंपनीने मान्य केले. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली. जुलैमध्ये ती फेटाळली गेली. का? कोल्हापुरी चपलेचे भौगोलिक मानांकन २०१९ साली ज्यांच्या नावे नोंदले गेले ती महाराष्ट्राची आणि कर्नाटकाची चर्मोद्योग महामंडळे. दाद मागायची तर नोंदणीकृत मालकाने मागावी. चप्पल शिवणारा चर्मकार बांधव त्या नोंदीत मालक म्हणून नाही. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये प्राडाने या दोन महामंडळांशी करार केला. दोन हजार जोड येथे बनवून घ्यायचे आणि सुमारे आठशे युरोला एक जोड विकायचा, असे जाहीर झाले. कारागिरांना प्रशिक्षण देण्याचीही त्यात तरतूद आहे. करार झाला हे चांगले झाले, आम्ही त्याला नावे ठेवत नाही. पण आठशे युरोतले किती पैसे कोल्हापूर-सांगलीच्या शिवणाऱ्याच्या हातात पडतील, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे.

कोणी म्हणेल, तुम्हाला सगळ्यातच खोट दिसते. तसे नाही. विद्येच्या घराने कलेला हात दिला की काय होते, हे आपल्या चळवळीने पाहिले आहे. १९५० साली बाबासाहेबांनी औरंगाबादेत महाविद्यालय काढले, तेच पुढचे मिलिंद. त्याचे प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिले. १९५५ साली ते बाबासाहेबांच्या उपस्थितीत झाले, आणि १९५६ साली नागपुरात धम्मदीक्षेच्या वेळी अथांग जनसमुदायापुढे झाले. तिथे 'समुदाय' हा वेगळा पक्ष नव्हता. पोरे तीच, प्रेक्षक तेच, गोष्टही त्यांचीच. त्याआधी भीमराव कर्डकांच्या जलशाने खेड्यापाड्यांत चळवळ नेली, ती कोणाच्या अनुदानावर नव्हे.

आणि अलीकडचेही उदाहरण आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यात बाबासाहेबांवरच्या, भीमाच्या ओव्या आहेत, बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या आपल्या आयाबहिणींनी गायलेल्या. ओवी म्हणजे कोणाचीही नसलेली गोष्ट असे समजणाऱ्या जगात या दोघांनी गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव टिपून ठेवले. आज तो साठा पारी या ग्रामीण संग्रहात जगापुढे आहे, तो त्या नावांसकट. नाव लिहायला फारसे पैसे लागत नाहीत. माणूस समोरच्याला माणूस समजतो की सामग्री, एवढाच प्रश्न असतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' अशी नेमणूक करायला परवानगी दिली. पदवीची अट नाही. आपल्या क्षेत्रातला किमान पंधरा वर्षांचा अनुभव हवा, शक्यतो वरिष्ठ पातळीवरचा. पैसा विद्यापीठाने द्यावा किंवा उद्योगाने द्यावा, दोन्ही चालते. आम्ही हे वाचले तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे शाहीरच आले. सातवी नापास, पण चाळीस वर्षे रात्रीच्या रात्री हजारोंचा जमाव बसवून ठेवलेला माणूस! त्याला नाट्यशास्त्र विभागात एक वर्ष प्राध्यापक म्हणून नेमायला आज कोणता नियम आडवा येतो? 'वरिष्ठ पातळी' म्हणजे कंपनीचा उपाध्यक्षच, असे कुठे लिहिले आहे? या जागा मंजूर पदांच्या बाहेरच्या आहेत. बिंदुनामावली मंजूर पदांना लागते, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. म्हणजे या वाटेने कोण आत जाणार आणि कोण फाटकाबाहेर राहणार, याकडे आपल्या प्राध्यापक संघटनांनी डोळ्यांत तेल घालून पाहायला हवे. त्या अजून पाहत नाहीत.

आणि आता थोडे कडू, आपल्याच घरातले. भीमगीतांच्या कॅसेटींनी एके काळी एप्रिल महिना दणाणून जायचा. वस्तीवस्तीत त्या वाजल्या, विकल्या गेल्या. ज्यांनी ती गाणी लिहिली त्यांच्या घरी त्यातले काय गेले? जयंतीच्या मंडपात साउंडवाल्याला आपण आगाऊ पैसे देतो आणि शाहिराला शाल-श्रीफळ देऊन पहाटे एसटी स्टँडवर सोडतो. आपल्यातलेच काही संशोधक वस्तीत येऊन दोन दिवस गाणी टिपून घेतात, पीएच.डी. होतात, आणि ग्रंथ छापला की गाणाऱ्या आजीला त्याची एक प्रत पाठवायचे विसरतात. परक्याच्या करारातील कलमे आम्ही लाल शाईने खोडू, पण आपला तर करारच नसतो!

आम्ही विद्यापीठाला पत्र लिहिले. मागण्या फार नव्हत्या. कराराची मराठी प्रत द्या, आणि दोन्हींत फरक निघाला तर मराठी ग्राह्य धरा, कारण सही करणाऱ्याला समजले नाही तर ती संमती कसली? मुदत पाच वर्षांची करा. कंपनीला वापर फुकट नको. ती जितक्या वेळा वापरील तितक्या वेळा कलापथकाला पैसे द्यावेत. अंदाजपत्रकात कलावंतांचा रकाना कॅमेऱ्याच्या रकान्याइतका तरी असावा, आणि निम्मी रक्कम काम सुरू होण्याआधी मिळावी, कारण रोजंदारीवर जाणारा ढोलकीवाला चार दिवस तालमीला आला तर त्याची चूल कशावर पेटणार? प्रकल्प निवडणाऱ्या समितीवर एक तरी कलावंत असावा. मूळ ध्वनिमुद्रणाची एक प्रत वस्तीतल्या बुद्धविहारात ठेवावी.

उत्तर फोनवर आले, लेखी नाही. बोलणारे गृहस्थ सभ्य होते, आपल्यापैकीच एक होते, आणि मनापासून बोलत होते असे आम्हाला वाटले. करारनामा छापील नमुन्याचा आहे, तो वरून ठरून येतो, त्यात फार बदल होत नाहीत. मराठी प्रत देऊ. नावे ठळक छापू. विहारात प्रत ठेवायला हरकत नाही. मुदतीचे आणि रॉयल्टीचे कंपनीच्या विधी विभागाला विचारावे लागेल. आणि मग जरा थांबून म्हणाले, "ॲडव्होकेट साहेब, आर्थिक वर्ष संपत आलंय. पैसा परत गेला तर सगळ्यांचंच नुकसान. दुसरी दोन पथकं तयार आहेत."

दुसरी दोन पथके तयार आहेत! या एका वाक्यासाठी आम्ही हा लेख लिहायला बसलो. ती दोन पथके कोणती हे आम्ही शोधून काढले. एका पथकाच्या प्रमुखाला आम्ही ओळखतो; त्याच्या मुलीच्या लग्नाला आम्ही गेलो होतो. त्यालाही तीच अकरा पाने दिली होती, तीच पेन्सिलीची फुली. त्याला आम्ही घरी बोलावले, शाहिरांनाही बोलावले. दोघे एका सतरंजीवर बसले. पंधरा वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा सामन्यावरून दोघांत बोलणे नव्हते. त्या दिवशी अर्धा तास तेच निघाले. मग ढोलकी निघाली आणि आमचे कागद बाजूलाच राहिले.

सह्या करायच्या तर तिन्ही पथकांनी मिळून करायच्या, नाहीतर कोणीच नाही, असे रात्री उशिरा ठरले. तिसऱ्या पथकाकडे पुतण्या मोटारसायकलवरून गेला आहे. शाहिरांचा काल फोन आला होता. करार कुठवर आला हे त्यांनी विचारले नाही. विद्यापीठातल्या पोरांना शिकवायला जाताना फेटा बांधून जावे की नुसती टोपी चालेल, एवढेच विचारत होते.